मदत हवी आहे: 'एन्व्ही' आणि 'जेलसी', दोन्हीला मत्सरच म्हणायचं का?

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय आणि दोन दिवस एकाच परिच्छेदावर अडकलेय. नायिकेला थोरल्या बहिणीच्या मोकळ्या स्वभावाची 'एन्व्ही' वाटते, आणि नवरा त्या बहिणीशी हसून बोलला की 'जेलसी'. पहिल्या खर्ड्यात मी दोन्हीकडे 'मत्सर' ठोकून दिला. वाचून बघितलं तर परिच्छेदातला जीवच गेलेला.

मला कळलंय ते असं: एन्व्हीला दोन माणसं पुरतात. तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही, संपलं. जेलसीत बहुधा तिसरं माणूस येतं, आणि आपलं आहे ते हातचं जाईल ही धास्ती असते. मग मैत्रिणीच्या सहलीचे फोटो बघून 'आय ॲम सो जेलस' म्हणतात ते कसं? तिथे कुणाचं काय हातचं जाणार आहे?

'हेवा' पहिल्याला जमेल, त्यात थोडं कौतुकही येतं. दुसऱ्याला 'संशय' म्हटलं तर ती नवऱ्यावर पाळत ठेवते असं वाटतं, आणि बाई तसली नाही. जाणकारांनी सुचवा.

प्रतिसाद: फोड बरोबर आहे. बोलण्यात 'जेलस'ने एन्व्हीची जागा केव्हाच बळकावलीय. उलटं सहसा होत नाही. नवऱ्यावरून जीव जळणाऱ्या बाईला कुणी 'एन्व्हिअस' म्हणत नाही.

'एन्व्ही' लॅटिन 'इन्व्हिदिआ'वरून आला, मुळात वाकड्या नजरेने बघणं. आपली 'दृष्ट लागणे' आठवा! 'जेलस' मात्र ग्रीक 'झेलोस'कडून, म्हणजे आवेशी या अर्थाच्या 'झेलस'चा सख्खा भाऊ. म्हणून 'जेलसली गार्डेड' म्हणजे डोळ्यांत तेल घालून राखलेलं. त्यात मत्सर औषधालाही नाही.

मराठीत त्रिकोणासाठी नेमका शब्द 'सवतीमत्सर', पण इथे फार भडक होईल. नामाचा नाद सोडा. 'तो तिच्याशी हसून बोलला, की हिचा जीव खालीवर होई.' धास्ती आपोआप आली.

धागाकर्ती: 'जीव खालीवर' चपखल बसलं, आभार! पुढच्या पानावर नवरा म्हणतो, मेहुणीच्या पगारावरून मी 'जेलस' आहे. म्हणजे हा बोलण्यातला 'जेलस', खरं तर हेवाच. त्याच्या तोंडी 'जळतो मी तिच्यावर' चालेल ना?