मदत हवी आहे : नव्या हँडी हॅम रेडिओवर पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबताच संच बंद पडतो, बॅटरीत दोष असेल का?

धागाकर्ता : वेदगंगाकाठ

नमस्कार. मी निपाणी तालुक्यातील एका खेड्यात राहतो, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाच्या, नादाला लागलो आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, वाहतूक थांबली, आमच्याकडची वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही मुके झाले. चार किलोमीटरवर दिलेल्या बहिणीच्या घरी सगळे सुखरूप आहेत एवढे कळायला त्या वेळी आम्हाला दोन दिवस लागले. तेव्हापासून हे डोक्यात होते. अखेर रिस्ट्रिक्टेड ग्रेडची, म्हणजे हॅम परवान्याच्या खालच्या वर्गाची, परीक्षा दिली, परवाना आणि व्हीयू-३ ने सुरू होणारे कॉलसाइन (हवेतले ओळखनाव) हाती पडले आणि मगच संच घेतला.

संच हातात धरायचा, दोन बँडचा, पाच वॉटचा आहे. बॅटरी लिथियम-आयन, ७.४ व्होल्ट, १८०० एमएएच. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष संचाचा आहे की माझ्या वापराचा, हेच अजून ठरलेले नाही.

दुकानदारांनी पहिले चार्जिंग बारा तास करायला सांगितले होते. चार्जरवरचा लाल दिवा साडेतीन तासांत हिरवा झाला, तरी सांगितल्याप्रमाणे मी बॅटरी सकाळपर्यंत तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी अंगणात उभे राहून संच लावला. ऐकू उत्तम येते. कमी शक्तीवर, म्हणजे एक वॉटवर, बोलताही येते. मात्र शक्ती पाच वॉटवर नेऊन पीटीटी दाबली की लाल दिवा क्षणभर लुकलुकतो, पडदा विझतो आणि संच नव्याने सुरू होऊन आतल्या बाई पहिल्यापासून स्वागत करू लागतात. दहापैकी आठ-नऊ वेळा असेच होते. पडद्यावर बॅटरीच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात. एक-दोन वेळा संच घट्ट मुठीत धरला असताना पाच वॉटवरही सलग बोलता आले, पण तो योगायोग असावा.

दुकानात फोन केला तेव्हा, ‘बॅटरी बसायला चार-पाच चार्जिंग लागतात, पूर्ण उतरवा आणि पूर्ण भरा,’ असे उत्तर मिळाले. दोनदा तसे केले, फरक पडला नाही. बदलून घ्यायची मुदत पाच दिवसांत संपते आहे.

बॅटरी खराब आहे की संच, हे माझ्याजवळच्या साध्या मल्टिमीटरने घरी ठरवता येईल का? पूर्ण उतरवून भरण्याचा सल्ला बरोबर आहे का? हा संच वर्षातले बरेच महिने कपाटात राहील आणि पावसाळ्यात अचानक लागेल, तर बॅटरी ठेवावी कशी? शिवाय रिपीटर (आलेला सिग्नल पकडून पुन्हा दूरवर पाठवणारे केंद्र) मला ऐकू येतो, पण मी हाक दिली तर तो उघडत नाही. हे सगळे एकाच दुखण्याचे भाग आहेत की वेगवेगळे, हेही कळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : शहापूरचा कानसेन

सर, परवान्याबद्दल अभिनंदन, आणि परवाना आधी व संच मागाहून घेतलात त्याबद्दल दुप्पट. हल्ली बरीच मंडळी उलट क्रमाने जातात, आणि परवान्याशिवाय प्रक्षेपण करणारा संच नुसता बाळगणे हाही कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांच्या गावी नसते.

पहिले काम म्हणजे बॅटरी पूर्ण उतरवणे आजच थांबवा. तो सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. त्यांना अर्धवट वापराची सवय लागते असे मानले जाई, म्हणून त्या अधूनमधून रिकाम्या करत. लिथियम-आयनला असली सवय नसते. उलट पार तळाला नेल्याने तिचे आयुष्य घटते. ‘बसणे’ वगैरे काही नसते. चांगली बॅटरी पहिल्या दिवसापासून चांगली चालते. हिरवा दिवा लागला की काढावी, रात्रभर ठेवून काही साधत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुमच्या बॅटरीत दोन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट, सरासरी ७.४, आणि साडेसहाच्या आसपास बहुतेक संच मान टाकतात. पाच वॉट हवेत पाठवायला संच बॅटरीकडून साधारण दहा वॉट घेतो, म्हणजे सव्वा ते दीड अँपिअर. एक वॉटवर हाच प्रवाह निम्म्याच्या आत येतो. ऐकताना तर तो अगदीच थोडा असतो. पडद्यावरच्या रेघा तुम्ही पाहता त्या ऐकतानाच्या व्होल्टेजवरून काढलेल्या असतात; ओझे पडल्यावर काय होते ते त्या सांगत नाहीत. वाटेत कुठे दीड ओहमचा जरी नको असलेला विरोध असला, तरी पाच वॉटवर दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि ८.२ चे ६.२ होतात. एक वॉटवर तोच विरोध पाऊण-एक व्होल्ट खातो, त्यामुळे संच तग धरतो. तुमचे लक्षण याच्याशी तंतोतंत जुळते. तो विरोध सेलच्या आत आहे की बाहेर, एवढेच शोधायचे आहे.

त्यासाठी दुचाकीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, १० वॉटचे दोन बल्ब गॅरेजमधून आणा आणि समांतर जोडा. आठ व्होल्टवर ते दोघे मिळून साधारण १.३ अँपिअर ओढतात, म्हणजे पाच वॉटवर बोलणाऱ्या संचाइतकेच ओझे घरच्या घरी तयार होते. बॅटरी संचापासून वेगळी करा, तिच्या संचाकडच्या पट्ट्यांवर मल्टिमीटर लावा, आधी बिनओझ्याचे व्होल्टेज लिहून घ्या, मग बल्ब दहा सेकंद पेटवून पुन्हा वाचा. चार्जरकडच्या पट्ट्या वेगळ्या असतात आणि त्यांवर बाहेर काही मिळेलच असे नाही, म्हणून त्यांवर मोजू नका. वायरीला डाग देऊ नका, नुसती दाबून धरा, आणि दोन टोके एकमेकांना लागू देऊ नका.

आकडा ७.७ च्या वर राहिला तर बॅटरी ठणठणीत. सातच्या खाली गेला तर आजच बदलून मागा.

आणि तो ‘योगायोग’ जपून ठेवा, मला त्यातच उत्तर दिसते आहे.

प्रतिसाद : जांबोटी रोड

खानापूर भागातल्या आमच्या पावसात माझ्या हँडीच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता आणि अगदी हाच प्रकार झाला होता. पेन्सिलीच्या खोडरबराने घासून गेला. मात्र तुमचा संच नवा आहे, त्यामुळे गंज नसावा. दुसरे असे की या झटापटीत अँटेना काढून पीटीटी दाबू नका. अँटेनाविना शक्ती बाहेर जाऊ शकत नाही आणि शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर त्याची किंमत मोजतो.

वेदगंगाकाठ

आपणा दोघांचेही आभार. आज शाळा सुटल्यावर प्रयोग केला. नववीची चार मुलेही थांबली होती. बिनओझ्याचे व्होल्टेज ८.२१ आले. दोन बल्ब लावल्यावर ७.८६, दहा सेकंदांनी ७.८३. म्हणजे बॅटरी निर्दोष दिसते. तीच बॅटरी संचाला लावून पाच वॉटवर पीटीटी दाबली, तर संच पुन्हा विझला. मग संचात दोष आहे असे समजावे का?

शहापूरचा कानसेन

इतक्यात नको. बॅटरी आणि संच यांच्या मधली जागा अजून तपासायची राहिली आहे. संच बंद करा, बॅटरी काढा आणि भिंग घेऊन दोन ठिकाणी पाहा. एक, संचाच्या पाठीवरच्या स्प्रिंगसारख्या दोन पिना सारख्याच उंचीवर आहेत का आणि बोटाने दाबल्यावर दोन्ही सारख्याच परत येतात का. दुसरे, बॅटरीच्या पट्ट्या उघड्या, चकचकीत धातूच्या आहेत का. नव्या बॅटरीवर वाहतुकीत ती चालू राहू नये म्हणून पातळ पारदर्शक चिकटपट्टी लावलेली असू शकते. ती ओढताना कोपरा फाटून मागे राहिला तर पिनेचा निम्मा भाग धातूवर आणि निम्मा प्लास्टिकवर टेकतो. मुठीत घट्ट धरल्यावर पिना दाबल्या जातात आणि संपर्क सुधारतो, म्हणूनच तुम्हाला एक-दोनदा पाच वॉटवर बोलता आले असावे.

वेदगंगाकाठ

सापडले!

ऋण पट्टीवर, तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबीचा, पारदर्शक पट्टीचा तुकडा आणि त्याखाली चिकट डिंक होता. नुसत्या डोळ्यांना तो दिसतच नव्हता. खिडकीच्या उजेडात बॅटरी तिरकी धरली तेव्हा त्या जागेची चमक वेगळी जाणवली. सुईच्या टोकाने कडा उचलून तुकडा काढला आणि उरलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसला. दहा मिनिटे वाळू दिले. त्यानंतर पाच वॉटवर वीस वेळा पीटीटी दाबली, एकदाही संच विझला नाही. (हे सगळे मोकळी फ्रिक्वेन्सी पाहून, प्रत्येक वेळी कॉलसाइन सांगून केले. मुलांना कौतुक वाटले, शेजाऱ्यांना काळजी.) दुकानदारांना फोन करून कळवले आणि त्यांनीही पुढच्या गिऱ्हाइकाला सांगू म्हणून मान्य केले.

आता साठवणीचा आणि रिपीटरचा प्रश्न राहिला आहे.

शहापूरचा कानसेन

फार छान झाले. साठवणीचे सांगतो. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये आणि रिकामीही ठेवू नये. साधारण निम्मी, म्हणजे मीटरवर ७.६ व्होल्टच्या आसपास असताना, संचापासून वेगळी काढून, घरातल्या सर्वांत थंड कोरड्या कपाटात ठेवावी. पत्र्याखालचा माळा आणि उन्हातली गाडी या दोन जागा तिच्या वैरी आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी व्होल्टेज पाहावे. तुमच्याकडे मात्र पुराचे गणित आहे, त्यामुळे मृगाच्या आसपास ती पूर्ण भरावी आणि पाऊस ओसरेपर्यंत भरलेलीच ठेवावी. त्याने आयुष्य थोडे कमी होईल, पण ऐन वेळी निम्मी बॅटरी हाती येण्यापेक्षा ते परवडते. जमल्यास दुसरी बॅटरी घ्या आणि चार्जर गाडीच्या १२ व्होल्टवर कसा चालवायचा ते पाणी चढण्यापूर्वीच ठरवून ठेवा. चार्जिंग चालू असताना संच बंद ठेवा.

आणखी एक गोष्ट, शक्ती एक वॉटवरच ठेवायची सवय लावा. पाच वॉट आणि एक वॉट यांत सात डेसिबेलचा फरक आहे, म्हणजे ऐकणाऱ्याच्या सिग्नल-मीटरवर जेमतेम एका घरापेक्षा थोडा जास्त. त्यासाठी बॅटरी मात्र दुपटीहून अधिक वेगाने उतरते. पोहोच वाढवायची असेल तर शक्तीपेक्षा उंची वाढवा. व्हीएचएफच्या (अति उच्च फ्रिक्वेन्सीच्या) लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. अँटेनाची मीटरमधील उंची घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा, की तुमचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. अंगणात दीड मीटरवर धरलेल्या हँडीला ते पाच किलोमीटर येते. शंभर मीटर उंच डोंगरावरून तेच एक्केचाळीस होते. समोरच्याचे क्षितिज त्यात मिळवायचे. तुमच्या तवंदी घाटाचा माथा कोणत्याही महागड्या अँटेनापेक्षा जास्त काम करील.

रिपीटर हा वेगळाच आजार आहे. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसऱ्यावर बोलतो. दोन मीटर बँडवर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) हे अंतर बहुधा ६०० किलोहर्ट्झ असते आणि तुम्हाला प्रक्षेपण त्याच्या उत्तराच्या फ्रिक्वेन्सीखाली करावे लागते. तेव्हा मेनूमध्ये ऑफसेट ०.६०० आणि दिशा उणे हवी. याखेरीज बहुतेक रिपीटर ठरावीक सीटीसीएसएस टोन (आवाजासोबत जाणारा खालच्या पट्टीतला ओळखीचा सूर) ऐकल्याशिवाय दार उघडत नाहीत. तो टोन तुम्ही पाठवण्याच्या बाजूला भरायचा. ऐकण्याच्या बाजूला भरलात आणि जुळला नाही तर आहे ते ऐकणेही बंद होईल. नवशिक्यांचा इथेच घोटाळा होतो. नेमका आकडा रिपीटर चालवणाऱ्या क्लबकडून घ्या. सगळे जुळले की ते मेमरीत साठवा. संच १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या बाहेरही प्रक्षेपण करू शकतो, तेव्हा फक्त मेमरीतले चॅनल वापरून कीपॅड कुलूपबंद ठेवलात तर चुकून दुसऱ्याच्या हद्दीत पाय पडणार नाही.

जांबोटी रोड

एक स्वस्त भर घालतो. साधारण ४९ सेंटिमीटर वायरीचे एक टोक अँटेनाच्या बुडाशी, संचाच्या धातूच्या कॉलरला टेकेल असे गुंडाळा आणि दुसरे खाली लोंबू द्या. रबरी अँटेनाला दुसरा हात मिळतो. चोर्ल्याच्या बाजूला मोबाइलची रेंज जाते तिथे मला या शेपटीचा फरक स्पष्ट जाणवतो.

वेदगंगाकाठ

टोन मी ऐकण्याच्या बाजूलाच भरला होता, हे वाचून हसू आले. काल क्लबमधल्या एका काकांना विचारून दुरुस्त केला. आज रविवार म्हणून शेपटी बांधून तवंदीचा माथा गाठला आणि एक वॉटवर हाक दिली. रिपीटर पहिल्याच दाबाला उघडला. उत्तर देणाऱ्यांनी आधी इंग्रजीत कॉलसाइन विचारले, मग कन्नडमध्ये गाव, आणि निपाणी म्हटल्यावर मराठीत, ‘पाऊस कसा आहे तिकडे?’ सिग्नल पूर्ण येतो, आवाज जरा बसका आहे, माइक तोंडापासून चार बोटे दूर धरा, असेही सांगितले.

उतरताना मीटर लावून पाहिला. दीड तासाच्या ऐकण्या-बोलण्यानंतर ७.९४ व्होल्ट होते. प्रशासकांना विनंती की शीर्षकापुढे ‘सुटले’ असे जोडावे.