बाबांचं मन रमेल अशा रोजच्या सवयी सुचवा (नेहमीचे सल्ले नकोत)

वैतागवाडी (धागाकर्ती)
बाबा आठ महिने गप्प गप्प आहेत. चिडत नाहीत, भांडत नाहीत, नुसते बसून असतात. करून झालेलं: सकाळचं फिरणं (चार दिवस टिकलं), ध्यानाचं अ‍ॅप (एक दिवस), आणि रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायची वही. वहीत पहिल्या दिवशी लिहिलं, "पाणी आलं. पेपर आला. लाइट गेली नाही." दुसऱ्या दिवशी, "वरीलप्रमाणे." तिसऱ्या दिवशी पान कोरं. आई रडकुंडीला आलीय. काहीतरी ठोस सांगा, लवकर.

साखरफुटाणा
"वरीलप्रमाणे" वाचून मी बाबांची फॅन झाले. सॉरी, मदत काहीच नाही.

नस्तीउठाठेव
वय? तब्येत? राहता कुठे? आठ महिन्यांपूर्वी काय झालं? काहीच न सांगता ठोस काय सांगणार?

लिंबूटिंबू
बी१२ आणि डी३ तपासा. थायरॉइडही. माझ्या सासऱ्यांचं बी१२ इतकं खाली होतं की डॉक्टरच दचकले.

वैतागवाडी
सगळं तपासलंय, नॉर्मल आहे. वय ५८. रिटायर झाले, म्हणून साताऱ्याहून आमच्याकडे वाकडला आणलं. फ्लॅट चौदाव्या मजल्यावर, छान मोकळा आहे. इथे त्यांना कशाची कमी नाही.

हसतमुख_अण्णा
हास्यक्लब! १९९५ साली डॉ. मदन कटारियांनी मुंबईच्या बागेत पाच जणांना घेऊन सुरू केला. आधी विनोद सांगायचे, ते संपले, मग बिनविनोदाचंच हसायला लागले. मी अकरा वर्षं जातोय. एकदा नेऊन तर बघा.

वैतागवाडी
अण्णा, माझे बाबा हात वर करून हो हो हा हा करतील? तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही.

कागदीघोडे
वहीचं जरा चुकलं. कृतज्ञतेच्या वहीवर एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या २००३ मधल्या पहिल्या प्रयोगात लोक आठवड्यातून एकदाच लिहायचे. रोज लिहायला लावलं की हजेरीपट होतो. शिवाय हार्वर्डवाले १९३८ पासून माणसांच्या आयुष्याचा मागोवा घेताहेत, त्यांना नात्यांचं महत्त्व सर्वांत जास्त दिसलं.

साखरफुटाणा
त्या अभ्यासात सुरुवातीला सगळे पुरुषच होते ना? मग आईचं काय?

कागदीघोडे
प्रश्न बाबांचा आहे.

साखरफुटाणा
रडकुंडीला आई आलीय.

नस्तीउठाठेव
भांडण नंतर. वैतागवाडी, बाबा नोकरी कसली करायचे?

वैतागवाडी
त्याचा काय संबंध? एसटीत ड्रायव्हर होते. ३१ वर्षं. अजूनही पावणेचारला उठतात, दाढी करतात, बूट घालून बाल्कनीत बसतात. मी म्हणते, बाबा झोपा ना अजून.

नस्तीउठाठेव
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंत!

घाटमाथा
लाल डब्यावर प्रेम असणाऱ्यांनी हात वर करा. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली.

लिंबूटिंबू
बाबांना आता प्रवास अर्ध्या तिकिटात असेल ना?

घाटमाथा
ज्येष्ठांना ६५ पासून अर्धं आणि ७५ नंतर फुकट. ५८ ला ज्येष्ठ म्हणून काही नाही. माहीत नसताना कशाला सांगायचं?

कुंकवाचा_करंडा
मी नर्स आहे. झोप, भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असतील, तर सवयींच्या नादी न लागता डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

वैतागवाडी
भूक ठीक आहे. तसं काही बोलत नाहीत. मुळात बोलतच नाहीत. पण नंबर लिहून ठेवते.

दुपारची_पाळी
माझे वडील कंडक्टर होते. ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी म्हणजे काय ते घरच्यांना कळत नाही. मुक्कामी गाडीत दोघं एका डब्यात जेवायचे. बाबांचे कंडक्टर कुठे असतात? आणि पावणेचारला उठणाऱ्या माणसाला झोपा काय म्हणता, काम द्या. सोसायटीची पोरं शाळेच्या बसपर्यंत सोडायचं काम द्या. वेळ ठरलेली हवी.

वैतागवाडी
कंडक्टर काका साताऱ्यातच आहेत. दिवाळीला फोन होतो तेवढाच. लावून बघते.

हसतमुख_अण्णा
तोपर्यंत एक दिवस क्लबात, प्लीज.

वैतागवाडी
लावला. काकांनी हॅलो न म्हणता विचारलं, "गाडी कितीला सोडताय?" बाबा बाल्कनीचं दार लावून पाऊण तास बोलले. सातशे पन्नास फुटांच्या घरात एवढा मोठा आवाज मी आठ महिन्यांत ऐकला नव्हता. आता म्हणतात रविवारी साताऱ्याला जायचं, आणि मी न्यायला नको. स्वारगेटहून सकाळची पहिली गाडी कितीला आहे, कुणाला माहीत आहे का?

नस्तीउठाठेव
साधी की विनाथांबा? आणि त्याच दिवशी परत यायचंय की मुक्काम?