मदत हवी आहे: मधुमेह + गॅस्ट्रोपॅरेसिस, आईला जेवायला काय द्यावं?

नमस्कार मंडळी,

आईला (वय ६८) वीसेक वर्षांपासून मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. हल्ली अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च होतं. सकाळी उलटी झाली तर त्यात रात्रीची भाजी जशीच्या तशी! एंडोस्कोपीत अल्सर किंवा अडथळा नाही, पण रात्रभर उपाशी असूनही जठरात अन्न होतं. पोटाचे डॉक्टर म्हणाले, गॅस्ट्रोपॅरेसिस. वर्षानुवर्षांच्या साखरेने व्हेगस नर्व्ह (जठराची हालचाल चालवणारी नस) दुखावते आणि जठर अन्न पुढे ढकलायला वेळ लावतं.

त्यात साखरेचा वेगळाच घोळ. इन्सुलिन कामाला लागतं तेव्हा अन्न जठरातच असतं. म्हणून जेवण होऊन तास होतो न होतो तोच साखर ६५ आणि मध्यरात्री २८०. साखर चढली की जठर आणखी मंदावतं, ते वेगळंच. इन्सुलिनची वेळ डॉक्टर बदलून देताहेत, त्याबद्दल विचारत नाहीये.

खरी अडचण स्वयंपाकघरात आहे. मधुमेहाच्या आहारतज्ज्ञ सांगतात: मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, सालीसकट फळं. पोटाचे डॉक्टर सांगतात: चोथा आणि तेल-तूप कमी, थोडं थोडं पाच-सहा वेळा, शक्यतो पातळ किंवा मऊ. दोघांचं आपापल्या जागी बरोबर, पण ताटात वाढायचं काय? मऊ भात-वरण दिलं तर साखरेची भीती. सध्या मुगाच्या डाळीचं कढण, गाळलेलं दुधीचं सूप आणि ताक एवढ्यावर चाललंय, वजनही उतरतंय. ज्यांच्या घरी हा त्रास आहे त्यांनी दिवसभराचं खाणं कसं बसवलंय? नाचणीची आंबील सोसते का?

दुसरं, जठर रिकामं होण्याचा स्कॅन सांगितलाय. किंचित किरणोत्सारी पदार्थ मिसळलेलं अंड्याचं पांढरं खायला देऊन ४ तास फोटो काढतात. चार तासांनीही जठरात १० टक्क्यांहून जास्त उरलं तर निदान पक्कं. आई अंडं खात नाही. काही ठिकाणी इडली देतात असं ऐकलंय. पुणे किंवा मुंबईत कुणी करून घेतलाय का?

विचाराल म्हणून आधीच सांगते: सेमाग्लुटाइडचं (मधुमेहावरचं एक औषध) इंजेक्शन चालू नाही (त्यानेही जठर मंदावतं). डॉमपेरिडोन (जठराला चालना देणारं औषध) ईसीजी बघूनच दिलंय. ओवा, हिंग, सोडा सगळं करून झालंय, कृपया ते नको.