जुन्या वास्तूत सिनेमाचं संग्रहालय : तुम्ही काय पाहिलंत?

सिनेमाची संग्रहालयं हल्ली बरीच झालीत, पण जुन्या बंगल्यात-महालात थाटलेल्या संग्रहालयाची मजा वेगळी. एका तिकिटात दोन इतिहास. असं एखादं पाहिलं असेल तर लिहा. माहितीपत्रकातलं नको, तुमचे पाय कुठे अडले ते सांगा.

सुरुवात मी करते. मुंबईत पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात गुलशन महल हा एकोणिसाव्या शतकातला बंगला आहे. भारतीय सिनेमाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं उद्घाटन 2019 च्या जानेवारीत झालं. त्याचा अर्धा संसार या बंगल्यात, अर्धा शेजारच्या नव्या इमारतीत. पोरं नव्या इमारतीत रमतात, तिथे बटणं दाबायला मिळतात. बंगल्यात मात्र एका खोलीतून दुसरीत जाता जाता सिनेमाचं वय वाढत जातं : मूकपट, बोलपट, स्टुडिओंचा जमाना, महायुद्ध. मी मूकपटांपाशीच रेंगाळले. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यातले जेमतेम तीसेक उरलेत, तेही बरेचसे तुटक. पहिला बोलपट 'आलम आरा' 1931 चा, त्याची एकही प्रत नाही. म्हणजे भिंतीवरचं छायाचित्र हाच आता तो सिनेमा! बंगला शाबूत आणि चित्रपट गायब, हे काही केल्या पचेना.

*

गुलशन महल आम्हीही पाहिला, पण आमची फेरी बाबांमुळे लांबली. ते तालुक्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. जुनं प्रोजेक्टर दिसलं आणि गडी तिथेच उभा. माझ्या मुलाला त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. आत कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्यामध्ये प्रकाशाची ज्योत. कांड्या जळून आखूड होत, अंतर वाढलं की पडद्यावरचा उजेड मंदावे आणि खालून शिट्ट्या सुरू. म्हणून एक डोळा कायम ज्योतीवर. रीळ संपत आलं की चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सातेक सेकंदांनी पुन्हा ठिपका, त्याला बदली. प्रेक्षकांना पत्ताही लागत नसे. शेजारच्या पाटीवर यातलं काहीच नव्हतं. घरी टीव्हीवर जुना सिनेमा लागला की आता नातू ठिपका शोधत बसतो, गोष्ट गेली उडत.

*

इटलीत ट्यूरिनला गेलात तर मोले आंतोनेल्लियाना चुकवू नका. 1863 मध्ये बांधायला घेतली ती ज्यूंचं प्रार्थनास्थळ म्हणून. वास्तुविशारद आंतोनेल्ली उंची वाढवतच गेला, खर्च झेपेना, शेवटी ती नगरपालिकेकडे गेली. आज उंची 167 मीटरच्या वर, आणि 2000 सालापासून आत सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय. मधल्या प्रचंड दालनात लाल आरामखुर्च्या आहेत, त्यात चक्क आडवं पडून वरच्या मोठ्या पडद्यांवर जुन्या चित्रपटांचे तुकडे बघायचे. त्याच दालनाच्या पोकळीतून काचेची लिफ्ट थेट घुमटापलीकडच्या सज्जावर जाते. बायको डोळे मिटून वर गेली, मी खाली पाहत. सावल्यांचे खेळ, मॅजिक लँटर्न, भोकातून बघायच्या पेट्या असा सिनेमाआधीचा सिनेमा तिथे फार छान मांडलाय. फक्त वेळ भरपूर ठेवा, घाईत मजा नाही.

*

पुणेकरांनो, लॉ कॉलेज रोडवरचा जयकर बंगला विसरू नका. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर म्हणजे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, त्यांचं घर. पुढे ते चित्रपट संग्रहालयाच्या, म्हणजे 1964 साली सुरू झालेल्या फिल्म अर्काइव्हच्या वापरात आलं. तिथे मला एक गोष्ट नव्याने कळली : जुनी फिल्म नायट्रेटची असायची आणि ती इतकी ज्वालाग्राही की एकदा पेटली तर पाण्यालाही दाद देत नाही. 2003 मध्ये पुण्यातच अशा रिळांना आग लागून बरंच काही गेलं. वर दिलेल्या तीसेकच्या आकड्यामागे आगी आहेत, आणि चांदीसाठी वितळवलेली रिळंही. आपल्या लोकांनी सिनेमा भंगारात घातला, हे म्हटलं तर राग येतो, पण खरं आहे.

*

एक तक्रार करू का? नाव घेत नाही. एका सुंदर जुन्या इमारतीतल्या संग्रहालयात निम्मे टचस्क्रीन बंद, आणि वास्तूबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. कमानी कुणी बांधल्या, घर कुणाचं, काही नाही. आम्ही छताकडे बघत फिरलो.

*

आम्ही कोल्हापूरचे. बाबुराव पेंटरांनी इथं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, 'प्रभात'ची सुरुवात 1929 ला इथंच झाली, मग कंपनी पुण्याला गेली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, पाव्हणे आले की तिथं फोटो काढून देतो. पण ट्यूरिनसारखं राहू दे, गुलशन महलाएवढं तरी काहीतरी इथं व्हायला काय हरकत होती? जुने वाडे अजून उभे आहेत. कुणाला माहीत असेल, असा काही प्रस्ताव कधी पुढं सरकला होता काय?