भांडवलशाही न्यायाची की समाजवाद? (घरात ऊस कुणाला घालायचा यावरून पेटलंय)

घाटावरचा:
मंडळी, घरात दिवाळीपासून एकच वाद चाललाय आणि तो आता पार भांडवलशाही-समाजवादावर जाऊन पोचलाय म्हणून इथं टाकतो. आमचे आजोबांपासूनचे शेअर सहकारी कारखान्यात. पण उसाचं बिल काही वेळेवर येत नाही, कायद्यानं 14 दिवसांत पाहिजे, उशीर झाला तर वर 15 टक्के व्याज, पण ते व्याज मागायला जातंय कोण. पलीकडं खाजगी कारखाना झालाय, तो पैसे वेळेत सोडतो. वडील म्हणतात तिकडं घालू. काका म्हणतात सहकार मोडला की हाच खाजगीवाला तुम्हाला दारात उभा करणार नाही. आणि पुण्यातला आयटीवाला चुलतभाऊ म्हणतो समाजवादाचं शेवटी हेच होतं. खरं सांगा, जास्त न्याय कशात आहे?

बांधावरून:
चुलतभावाला सांग, सहकार म्हणजे सरकारी मालकी नव्हे. 1950 ला प्रवरेला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी कारखाना उभा केला तो शेतकऱ्यांच्या शेअरवर, सोबत सरकारचं भांडवल आणि हमी. एक सभासद एक मत, मग तुझं रान अर्धा एकर असो नाहीतर पन्नास. कुठल्या कंपनीत असं असतं? तिथं जेवढे शेअर तेवढी मतं. या कारखान्यांच्या जिवावर गावोगाव शाळा, कॉलेजं, दवाखाने, लिफ्ट इरिगेशन झालं, हे आता सगळे सोयीनं विसरतात.

खुला_बाजार:
एक मत हो, पण वार्षिक सभेला कधी गेलायत का? विषय वाचायच्या आत पुढच्या रांगेतनं "मंजूर मंजूर" आणि लगेच राष्ट्रगीत. मतदार यादीत मयत सभासद वर्षानुवर्षं जिवंत असतात. आणि ज्याला आपण समाजवाद म्हणत होतो त्यात झोनबंदी होती, म्हणजे स्वतःच्या रानातला ऊस दुसऱ्या कारखान्याला घातला तर तूच गुन्हेगार. शरद जोशींची शेतकरी संघटना त्यावरच भांडली की शेतकऱ्याला फुकट काही देऊ नका, फक्त बाजार मोकळा करा. आमच्या वडलांनी स्कूटरसाठीसुद्धा नंबर लावून काही वर्षं वाट बघितलेली, तो जमाना ज्यांना न्यायाचा वाटतो त्यांना माझा नमस्कार.

बांधावरून:
@खुला_बाजार बाजार मोकळा कुठाय पण? 1998 ला साखरेचं लायसन्स गेलं, तरी दोन कारखान्यांत 25 किलोमीटर अंतर पाहिजे ही अट आहेच ना, आणि तिचा फायदा खाजगीवाला पण घेतो. एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचाच असा किमान दर, ठरवणार केंद्र सरकार. हिला भांडवलशाही म्हणायचं तर मग नफा तेवढा भांडवलशाहीतला आणि संरक्षण समाजवादातलं, असा प्रकार झाला. आणि आजारी सहकारी कारखाने लिलावात घेणारे बरेचसे सहकारातलेच पुढारी, तो तर वेगळाच धागा होईल.

कोयता_बीड:
तुम्ही सगळे मालकाची भांडणं करताय. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे, मी कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, वाढलोय. सहकारी काय न् खाजगी काय, आम्हाला फरक एवढाच की चिमणीवरचं नाव वेगळं. दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडनं, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडनं, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे माणसं दोन पण हिशोबात एक. आजारी पडलं तर खाडा, त्याचे पैसे उचलीत चढणार, मग हंगाम संपला तरी फिटत नाही की पुढच्या वर्षी परत तोच मुकादम. आई पहाटे फडात, दिवसभर मोळ्या डोक्यावर, आणि संध्याकाळी वाढं (उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला) विकून जे येईल तेवढेच तिच्या हातातले पैसे. 2019 ला बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, समिती नेमली, चार दिवस सगळे हळहळले. "एक सभासद एक मत" मधे आम्ही कुठल्या पानावर आहोत तेवढं सांगा.

स्टॉकहोमकर:
इथं स्वीडनला सगळे समाजवाद म्हणून बोट दाखवतात, पण कारखाने खाजगी, वारसा कर 2004 ला काढून टाकला, किमान वेतनाचा कायदासुद्धा नाही. मजुरी युनियन आणि मालक बसून ठरवतात, युनियनमधे दम आहे म्हणून चालतं. आणि घाटावरचा, तुझ्या आयटीवाल्या भावाला त्याची पगारपावती बघायला सांग. महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापतात ना (फेब्रुवारीत 300), तो 1975 ला रोजगार हमीसाठी म्हणून आला. 72 च्या दुष्काळातनं निघालेली योजना, शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. म्हणजे भाऊ बसल्या जागी समाजवादी आहे.

घाटावरचा:
😄 पाठवलं त्याला. @कोयता_बीड दादा, तुमचं वाचून वडलांना विचारलं. ते म्हणाले तोडणी वाढली पाहिजे, बरोबर आहे, पण तोडणी-वाहतूक आमच्याच एफआरपीतनं कापतात, वर तोडणीची टोळी "खुशाली" मागते आणि ट्रॅक्टरवाला "एंट्री", म्हणजे वरचे पैसे, ते वेगळेच.

कोयता_बीड:
तेच म्हणतोय भाऊ. तुमच्या बिलातनं कापायचं आणि आम्हाला द्यायचं, म्हणजे आपण दोघं भांडत बसणार आणि कारखाना मोकळा. खुशाली मागतात हे खरंय, मी नाही म्हणणार नाही, कारण दर कमी पडतो. वडलांना म्हणावं ऊस कुठंही घाला, पण पुढच्या सभेला तोडणीचा खर्च साखरेच्या आणि इथेनॉलच्या पैशातनं का नाही एवढा एक प्रश्न लेखी द्या. खाजगीत तो द्यायला सभाच नाही.

खुला_बाजार:
आणि सहकारीत दिला तर मंजूर मंजूर.