स्कूबाच्या टाकीचे शब्द: झडप, कॉक की व्हॉल्व? आणि 'योक'ला काय म्हणायचं?

तळटीप:
तारकर्ली-मालवणकडे डायव्हिंग शिकणाऱ्यांसाठी टाकी जोडण्याच्या सूचना मराठीत लिहायच्या आहेत. टँक व्हॉल्वला 'झडप', योकला (टाकीच्या व्हॉल्वला कवेत घेऊन रेग्युलेटर आवळून धरणारा जोड) 'जोखड', ओ-रिंगला (जोडातून हवा गळू न देणारी रबरी कडी) 'गोल कडी' असं केलं तर चालेल का? शेवटी स्वतःचा रेग्युलेटर (टाकीतल्या हवेचा दाब कमी करून ती श्वासाला देणारं साधन) घ्यायचा तर कोणत्या जोडाचा घ्यावा, हेही दोन ओळींत सांगायचं आहे.

खारावारा:
'झडप' नकोच. टाकीचा नॉब फिरवला की आतली दांडी आट्यांवर वर सरकते आणि हवेची वाट मोकळी होते. हा कॉक झाला. झडप म्हणजे उघडझाप करणारा पडदा, आणि तसा पडदा याच सामानात दुसरीकडे आहे. रेग्युलेटरचा जो भाग तोंडात धरतो त्या सेकंड स्टेजमध्ये उच्छ्वास बाहेर सोडणारी सिलिकॉनची पातळ चकती असते, तिच्याखाली वाळूचा कण अडकला की श्वासाबरोबर पाणी येतं. तुम्ही 'झडप तपासा' लिहिलंत तर वाचणारा नेमकं काय तपासेल? टाकीवर 'व्हॉल्व' ठेवा, नाहीतर सरळ 'कॉक'.

उघडण्याचं वाक्यही जपून लिहा. 'पूर्ण उघडून पाव फेरा मागे' ही जुनी शिकवण. त्यात कुणी उलटं करून ठेवतो, म्हणजे पूर्ण बंद करून पाव फेरा उघडा. किनाऱ्यावर श्वास व्यवस्थित येतो. २० मीटरवर भोवतालचा दाब ३ बार (बार हे दाबाचं एकक), म्हणजे त्याच श्वासाला तिप्पट हवा लागते, आणि तेवढ्याशा फटीतून ती पुरत नाही. म्हणून 'अडेपर्यंत उघडा' एवढंच लिहा. 'डावीकडे' लिहू नका, नॉबकडे बघत 'घड्याळाच्या उलट' लिहा. मग गेजवर (टाकीतला दाब दाखवणारं मापक) नजर ठेवून तीन-चार मोठे श्वास घ्यायला सांगा. श्वासागणिक काटा खाली पडून परत वर येत असेल तर कॉक नीट उघडलेला नाही.

आटेपाना:
'जोखड' वाचून लोकांना पारतंत्र्य आठवेल, आणि 'जू' लिहिलं तर डोकं खाजवतील. 'योक' राहू द्या. ब्रिटिश लोक त्याला ए-क्लॅम्प म्हणतात, तर सामानाच्या यादीत 'इंट' असं छापलेलं दिसेल. तिन्ही एकच. पहिल्या उल्लेखाला 'योक (कवेत धरणारा शिकंजा)' असा खुलासा केलात की पुरे.

दुसरा जोड 'डिन', तो व्हॉल्वमध्ये आट्यांनी फिरवून बसवतात. हे जर्मन प्रमाणसंस्थेच्या नावाचं लघुरूप आहे, ते तसंच ठेवा. फक्त 'दीन' छापलं जाणार नाही एवढं बघा. :)

शब्दापेक्षा फरक कुठे आहे ते सांगणं जास्त गरजेचं. योकमध्ये ओ-रिंग टाकीच्या व्हॉल्ववर बसते, डिनमध्ये रेग्युलेटरवर. म्हणजे योकवाल्याने दर टाकी उचलताना रिंग बघायची, आणि डिनवाल्याने स्वतःची सांभाळायची. मापंही वेगळी: योकची ०१४, डिनची ११२, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

डिनमध्ये दोन प्रकार: २०० बारच्या जोडाला ५ आटे, ३०० बारच्याला ७. ३०० चा रेग्युलेटर २०० च्या व्हॉल्ववर खुशाल चालतो. उलट केलं तर आटे लागतात, पण रिंग बैठकीपर्यंत पोचत नाही, हवा नुसती सुटते. ते मुद्दामच तसं केलेलं आहे. योकची मजल २३२ बारपर्यंत, त्यापुढे डिनच.

तळटीप:
मग ओ-रिंगला 'वायसर' लिहू? नळवाले तेच म्हणतात.

आटेपाना:
नको. वायसर दाबून घट्ट करायचा असतो, आणि तीच सवय इथे घात करते. योकचा स्क्रू हाताने, दोन बोटांच्या जोरावर लावायचा. हवेचा दाब आला की तोच रिंगेला खाचेत दाबून बसवतो. फसफस ऐकू आली तर आवळायचं नाही. कॉक बंद, पर्ज (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबून गेजचा काटा शून्यावर आणायचा, योक सोडवायचा आणि रिंग बदलायची. दाब काढला नाही तर स्क्रू हलणारच नाही, आणि मग कुणीतरी पाना शोधायला जातो.

खारावारा:
कोणता जोड घ्यावा: आपल्याकडे भाड्याच्या टाक्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या, ११ लिटरच्या, २०७ बारच्या, आणि व्हॉल्व बहुधा योकचा. फक्त इथेच डायव्हिंग करणार असाल तर योक घ्या. बाहेरदेशीही जायचं असेल तर डिन घ्या आणि सोबत योक अडॅप्टर. अडॅप्टरने फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीला जोडायचा भाग) थोडा डोक्याकडे सरकतो, डोकं मागे केलं की मागून लागतो, एवढीच कुरकुर. काही व्हॉल्वमध्ये काढता येणारं बूच असतं (इन्सर्ट). ते ॲलन कीने काढलं की डिन, लावलं की योक. त्या बुचाच्या आतल्या बाजूलाही एक रिंग असते, ती कुणी बघत नाही.

आणि हो, कुठेही 'ऑक्सिजनची टाकी' लिहू नका, वर्तमानपत्रं लिहितात तसं. आत दाबून भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली फिट आणू शकतो.

मिस्त्रीबुवा:
एक शब्द सुटला: 'आटे'. व्हॉल्वला दोन ठिकाणी आटे असतात, म्हणून 'मानेचे आटे' (टाकीत बसणारे) आणि 'जोडाचे आटे' असे वेगळे लिहा. मानेचे मुख्यतः दोन: युरोपात एम २५ × २ (व्यास २५ मिलिमीटर, दोन आट्यांत २ मिलिमीटर अंतर), अमेरिकी टाक्यांना पाऊण इंची, इंचाला १४ आटे. 'पाऊण इंची' हे नुसतं नाव, त्याचा बाहेरचा व्यास साधारण २६.५ मिलिमीटर, म्हणजे एम २५ चा व्हॉल्व त्या मानेत जातो, काही आटे पकडतो, किंचित ढिला लागतो आणि भरताना दाबाखाली उडू शकतो. 'आटे लागले म्हणजे जुळले' असं समजणाराच इथे फसतो. टाकीच्या खांद्यावर आट्याचं माप ठोकलेलं असतं, व्हॉल्ववरही असतं. दोन्ही वाचून मगच बसवायचं, आणि एकही वाचता आलं नाही तर ती टाकी तपासणीला बाजूला काढायची. ही ओळ ठळक छापा.