आईबाबांना कॉर्नेलच्या लायना रिंकवर आइस हॉकीच्या मॅचला नेऊ का?

इथाकाकर_मुलगी: मी कॉर्नेलला एमएस करतेय, आईबाबा पुण्याहून आलेत. बाबांना हॉकी म्हणजे ध्यानचंद एवढंच माहितीये, आईचे गुडघे दुखतात, त्यात आत थंडी. न्यावं की घरीच टीव्हीवर दाखवावी?

थंडोबा: नेच गं! १९५७ ची रिंक आहे, जेमतेम सव्वाचार हजार माणसं मावतात, त्यामुळे कुठेही बसलं तरी बर्फ जवळच, खेळाडू रिंकभोवतीच्या बोर्डवर आदळला की धडाम आवाज छातीत बसतो. फक्त स्टुडंट सेक्शनची तिकिटं काढू नकोस, तिथे पूर्ण मॅच उभं राहतात सगळे, काकूंचं काही खरं नाही. समोरच्या टीमची नावं पुकारताना पोरं पेपर उघडून वाचत बसतात, ते बघायला लवकर जा.

सोलापुरी_चादर: मला तरी ओव्हररेटेड वाटली. बाकं कडक, ब्रेकमध्ये बाथरूमला ही रांग. येलची इंगल्स रिंक बघा, सारिननने डिझाइन केलेली, व्हेलच्या पाठीसारखं छत, इमारत म्हणून ती कुठच्या कुठे.

थंडोबा: इमारत बघायला कोण जातंय राव, १९७० ला इथली टीम २९ पैकी २९ जिंकून कॉलेज हॉकीची चॅम्पियन झालेली. वातावरण बघा की

इथाकाकर_मुलगी: हार्वर्डच्या मॅचला खरंच मासे फेकतात? आई शाकाहारी आहे 😅

थंडोबा: फेकतात, पण बर्फावर, काकूंवर नाही. तरी दुसरी मॅच बघ. आणि बसायला जाड शाल घडी करून ने.